चार ते सात

"चार ते सात ही नेमकी माझी माणसं यायची वेळ आहे गं," वाचनालयाच्या ओडेसाबाईंनी मार्चमध्येच ब्रिजिटला सांगितलं होतं. "दिवसभर तापलेली घरं तेव्हाच अंगावर येतात. तुझ्या यादीतून आम्हाला वगळ."

"वर्षातले दहा-बारा दिवस, बाई," ब्रिजिट हसून म्हणाली होती. "आणि एसी बंद नाही करायचा, कमी करायचा."

शहराच्या कचेऱ्या, पोहण्याचे तलाव, वाचनालयं, सगळीकडे सूर्याची आणि वाऱ्याची वीज आणायचं काम महापालिकेत तिच्याकडे होतं. मांडीवर तिचा तान्हा मुलगा एमिल आणि समोर लॅपटॉप, अशा अवस्थेत तिने इमारतींची यादी केली. वीजकंपनीशी झालेल्या करारात एक अट होती. कडक उन्हाळ्याच्या दिवशी, ऊन कललं की ही वीज अपुरी पडते. तेव्हा चार ते सात प्रत्येक इमारतीने वापर निम्म्यावर आणायचा. वाचनालय तिने 'कचेऱ्या' या सदरात टाकलं. आरोग्य खात्याच्या यादीत तेच वाचनालय 'उन्हाळ्यातला निवारा' होतं, म्हणजे उकाड्यात लोकांनी गारव्याला यायची जागा. दोन्ही खाती एकाच मजल्यावर. याद्या शेजारीशेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत, तिनेही नाही.

जुलैतल्या उकाड्याचा आणि चार ते सातच्या कपातीचा आज चौथा दिवस होता. सरोवरावरूनही वारा नव्हता. पाळणाघरातून एमिलला उचलून ती सव्वापाचला वाचनालयात शिरली आणि सवयीने आधी त्याच्या मानेला हात लावून पाहिला. घाम होता, म्हणजे अंग अजून स्वतःला गार करत होतं. बरं वाटलं. खिडकीजवळच्या टेबलावर तुकडे जुळवायचं मोठं चित्र अर्धवट पडलं होतं: दीपस्तंभ झाला होता, पाणी बाकी होतं. ते जुळवायला रोज येणाऱ्या वोझ्नियाक आजोबांची खुर्ची रिकामी.

"आजोबा कुठे आहेत?" तिने ओडेसाबाईंना विचारलं.

"काल म्हणाले, इथेही उकडतंय नि घरीही. घरी निदान पँट काढून बसता येतं." ओडेसाबाई एरवी यावर हसल्या असत्या. "तीनदा फोन केला. उचलत नाहीत. मला टेबल सोडता येत नाही गं."

ब्रिजिटने तिथूनच साहेबांना फोन लावला. एवढं एक वाचनालय आजच्या आज वगळता येईल का?

"करारात बदल म्हणजे नगरसभेची मंजुरी," साहेब थकल्या आवाजात म्हणाले. "त्यांची बैठक सप्टेंबरात."

ओडेसाबाईंनी दिलेला आजोबांचा पत्ता दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावरचा होता. एमिलला कडेवर घेऊन ती जिना चढली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. तिने दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग तळहाताने बडवलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

आजोबांचा चेहरा लालबुंद आणि कोरडा ठाक होता. घामाचा टिपूस नाही.

"हेलेना? इतका उशीर?"

हेलेना म्हणजे त्यांची बहीण, वारून सहा वर्षं झालेली. ब्रिजिटने रुग्णवाहिकेसाठी नऊ-एक-एकला फोन केला, आजोबांना जमिनीवर टेकवलं आणि एमिलचे ओले रुमाल पाकिटातून एकेक काढून त्यांच्या मानेवर, काखेत ठेवत राहिली. एमिल शेजारी बसून रिकामं पाकीट चघळत होता. आज तिने ते काढून घेतलं नाही.

स्ट्रेचरवरून जिना उतरताना आजोबा थोडे भानावर आले. "ओडेसाला सांग, कडेचे तुकडे मी वेगळे काढलेत. कुणी मिसळले तर बघ."

जगतील का, असं तिने विचारलं. रुग्णवाहिकेतल्या बाईने फक्त दार लावून घेतलं.

साडेसहाला ती परत वाचनालयात आली. वीज निम्म्यावरच होती. सूर्याच्या-वाऱ्याच्या विजेवरचा तिचा विश्वास गेला नव्हता. पण आता वाद घालायचं त्राणही उरलं नव्हतं. ओडेसाबाईंकडून जाड पेन घेऊन तिने कागदावर लिहिलं आणि तो बाहेरच्या दाराला चिकटवला.

"उकाडा सरेपर्यंत चार ते सात इथे गार नसेल. यादी मी केली होती, चूक माझी आहे, आणि ती लगेच दुरुस्त होणार नाही. तोवर एवढं करा. तुमच्या शेजारच्या खुर्चीत रोज जे कोणी बसायचे आणि आज दिसत नाहीत, त्यांच्या घरी जा. फोनवर विसंबू नका. दार वाजवा, आणि ते उघडेपर्यंत तिथून हलू नका."