एक की दोन?

मी डिव्हायडर बोलतोय. सन एकोणीसशे एकोणऐंशी, ऐन हिवाळा. एका शिकाऊ टर्नरने मला कानशीने घासून घडवलं. कंपासासारखे दोन पोलादी पाय, दोन अणकुचीदार टोकं. मी शिकलेला नाही. दोन टोकांतलं अंतर धरून ठेवायचं, एवढी एकच विद्या मला येते. त्यात मी कधी चुकलो नाही.

पुढे त्याने घरामागे स्वतःचं लेथ टाकलं. भिंतीवर प्रत्येक हत्याराला खिळा. हत्यार न्यायचं तर रिकाम्या खिळ्यावर आपली वस्तू अडकवायची, सख्ख्या भावालाही सूट नाही. केसाएवढा फरक तो डोळे मिटून बोटाने सांगे.

मग त्याची कंबर धरली. दोन वर्षं झाली, लेथवर चादर पडली. एक्स-रे स्वच्छ निघाला. फोटोत नाही म्हणजे दुखणं डोक्यात, असं बायको एकदा कंटाळून बोलून गेली. त्या दिवसापासून तो दुखण्याचं नाव काढेना.

लेक इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. एका सकाळी तिने आपला बिल्ला खिळ्यावर अडकवून मला उचललं आणि माझी टोकं घासून बोथट केली.

"चाळीस वर्षांची धार घालवलीस," बाप म्हणाला.

"पाठीला टोचू नये म्हणून, बाबा. पालथे झोपा. एक टोक लागलं तर एक म्हणा, दोन लागली तर दोन."

मी सात सेंटीमीटर उघडा होतो. दोन्ही टोकं एकदम कमरेवर टेकली.

"एक."

पुन्हा टेकली. पुन्हा एक. लेक लबाडी करते म्हणून तो उठला आणि त्याने मला पट्टीवर लावून पाहिलं. सत्तर मिलिमीटर, चोख. मग बायकोच्या पाठीवर लावलं. ती पाचालाच दोन म्हणाली, वर गुदगुल्या करू नका म्हणाली.

लेकीने कागद दिला. हात न लावता, आतून जाणवते तशी पाठ काढायची. जन्मभर यंत्रभागांचे नकाशे वाचलेला हात. त्याने खांदे काढले, बरगड्या काढल्या आणि कमरेपाशी पेन्सिल थांबली.

"पुढचं मला सापडत नाही," तो म्हणाला.

"दुखऱ्या कमरेचा मेंदूतला नकाशा पुसट होतो, तो एक्स-रेत दिसत नाही; रोज असं ओळखत गेलं तर परत येतो," लेक म्हणाली.

बायको त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग तिने लेकीच्या हातातून मला घेतलं. "मी मोजत जाईन रोज," ती म्हणाली. "आजवर माझं ऐकलं नाहीत, आता पाठीचं तरी ऐका."

रोज दुपारी तेच. एक की दोन? दोन ओळखू येणारं अंतर घटत गेलं: साडेसहा, सहा, साडेपाच. मी जन्मभर पोलाद मोजलं. ते झिजलं की झिजलं. पण माणसाच्या अंगाला असलेली पाठ त्याच्या मनातून पुसली जाते, आणि नुसतं लक्ष दिल्याने पुन्हा उमटते, हे मी माझ्या टोकांखाली पाहिलं. असं कारागीरकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

चौथ्या महिन्यात, साडेचारावर, तो म्हणाला, "दोन." कागद मागून घेतला आणि कमरेची रेघ पुरी केली. दुखणं सगळं गेलं नव्हतं. तरी त्याने लेथवरची चादर काढली.

लेकीने धार लावायच्या दगडावर माझी टोकं पुन्हा अणकुचीदार केली. त्याने बोट फिरवून पाहिलं, मान हलवली. तिने मला खिळ्यावर अडकवलं आणि आपला बिल्ला काढून घेतला.