कमळाबाईंना भुईवर घेतलं

कमळाबाई मेल्या नव्हत्या. पण तसं सांगायला श्वास लागतो, आणि नेमका तोच पुरत नव्हता.

गुजरातेत, नागरवाड्यातल्या त्या घरात दुपारची जेवणं उरकली, आणि ताटं उचलता उचलता त्यांना धाप लागली. खाटेच्या काठावर बसल्या, हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं. पाय कधीचे सुजलेले होते, पण लक्ष कुणाचं? वयाचं आहे म्हणे. मग छातीत घरघर सुरू झाली, ओठ काळपट पडले, घामानं पोलकं भिजलं, तेव्हा कुठं त्यांचा मुलगा समरजित धावला. आणि धावला कुठं, तर डॉक्टरकडे नाही. समोरच्या घरात, हंबीररावांकडे.

हंबीरराव म्हणजे कमळाबाईंचे चुलत दीर. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्याची ऐट अजून यांच्या मिशीत. गल्लीत कुणाचं काही कमीजास्त झालं की बोलावणं यांनाच. नाडी बघायची, पापणी उचलायची, आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचं, घ्या आता भुईवर. यांनी भुईवर घ्यायला लावलेलं माणूस कधी उठून बसलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान. बसणार कसं? उठू तर द्यायला हवं.

त्यांनी कमळाबाईंकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. खाटेवर जीव गेला तर गती मिळत नाही, लवकर खाली घ्या, असं समरजितला सांगितलं. त्यानं रडत रडत घोंगडी अंथरली आणि सगळ्यांनी मिळून आईला फरशीवर उताणं निजवलं.

आडवं केलं मात्र, कमळाबाईंना वाटलं विहिरीत पडले. छातीत खालून वर पाणीच चढतंय. कोपर टेकून त्या उठायला गेल्या, तर हंबीररावांनी खांदा हळूच दाबला. जीव घुटमळतोय म्हणाले. ते ऐकून शेजारच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणीतरी जिभेवर तुळशीचं पान ठेवलं, त्यावर गंगाजल ओतलं. ते गेलं भलतीकडेच. ठसका लागला, तोंडातून गुलाबीसर फेस आला. कमळाबाईंनी समरजितचं मनगट गच्च धरलं. बसव. एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो फेसातच विरला.

"आई हात सोडत नाहीये," समरजित हुंदके देत म्हणाला.

"माया आहे रे," एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या जास्तच रडल्या.

तेवढ्यात कमळाबाईंना नवरा आठवला. जयवंतराव, समरजितचे आबा, याच फरशीवर गेले. असेच धापा टाकत होते, असेच उठू बघत होते, आणि हंबीररावांनी असंच दाबून ठेवलं होतं. त्यांनीही बायकोचं मनगट धरलं होतं. नखं रुतली होती. जाताना माझा निरोप घेतला हो, असं कमळाबाई नंतर भेटेल त्याला सांगत सुटल्या. ते वळ कौतुकानं दाखवले. आता फरशीवर पडल्या पडल्या कळलं, तो निरोप नव्हता. माणूस म्हणत होता, बसव मला. आणि कमळाबाईंनी काय केलं? त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

इकडे हंबीररावांनी तिरडीच्या बांबूंसाठी फोनही करून टाकला होता. पण सून भक्ती मात्र मोरीचं दार लावून आतून हळू आवाजात गुजरातीत पत्ता सांगत होती. एकशेआठला.

ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना. विहंग नावाचा तंत्रज्ञ ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेऊन पळतच आत आला, त्याच्यामागे ड्रायव्हर. हंबीरराव ओरडले, बूट काढा, इथं माणूस जातंय. विहंगनं बूट काढले नाहीत. गुडघ्यावर बसला, कमळाबाईंच्या मानेवरची टम्म फुगलेली शीर बघितली आणि तोंडाशी वाकून विचारलं, "बा, बेसवुं छे?"

बसायचंय का, हे इतक्या माणसांत विचारणारा तो पहिलाच. कमळाबाईंनी मान डोलावली.

दोघांनी मिळून त्यांना उठवून खाटेवर बसवलं, पाय खाली सोडले. विहंगनं तोंडातलं तुळशीचं पान बोटानं काढून टाकलं, फेस पुसला, मास्क चढवला. हंबीररावांनी त्याचा दंड धरला. अरे भाई, शांतीनं जाऊ दे ना तिला.

विहंगनं वर बघितलंच नाही. गुजरातीतच म्हणाला, "त्या जात नाहीयेत काका. तुम्ही पाठवताय."

मग तो कामाला लागला. प्रेशर भयंकर वाढलेलं होतं. छातीवर पट्ट्या चिकटवून हृदयाचा आलेख काढला, फोनवर डॉक्टरला वाचून दाखवला, विचारून जिभेखाली गोळी ठेवली. न्यायचं कसं? आडवं तर करायचं नाही. शेवटी घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. गल्लीत लोक पांढरे कपडे घालून जमले होते. कमळाबाई त्यांच्यामधून ताठ बसून गेल्या. एकानं हार पाठीमागं लपवला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात हंबीरराव आले आणि शेजारच्या खाटेवरच्यांना गोष्ट सांगायला लागले. गंगाजलाचा प्रताप बघा, आमच्या वहिनी मरणाच्या दारातनं परत आल्या. समरजित होकार देत होता. लाज कशी वाटत नाही माणसांना.

कमळाबाईंनी मास्क खाली ओढला.

"भावजी, ह्यांनाही बसायचं होतं."

हंबीरराव थांबले. "वहिनी, जयवंताची वेळ भरली होती."

"तुम्ही खांदे दाबलेत. पाणी मी घातलं." मधे दम घेतला. "वेळ कुठं आली त्यात?"

हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला. गाडी चुकीच्या जागी लावलीय, क्रेनवाले उचलतील, असं काहीतरी पुटपुटले आणि गेले. शेजारच्या खाटेवरचे पेपरात तोंड घालून बसले.

समरजित पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, "आई, आबांचे पाय मी धरले होते. झाडत होते ना, म्हणून."

तो वाट बघत होता. असू दे रे, तुला काय ठाऊक होतं, असं आई म्हणेल, असं वाटलं असेल त्याला. कमळाबाईंनी मास्क पुन्हा नाकावर चढवला आणि भक्तीला खूण केली. पाठीशी अजून एक उशी हवी होती.