नवी कवळी

"डब्यात काय आहे?" झडती घ्यायला बसमध्ये चढलेल्या माणसाने विचारलं. बाहेर रस्त्यावर भलामोठा ओंडका आडवा टाकला होता.

"दात," कवळीवाल्या बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावरचे दोघे-तिघे फिसकन हसले. त्या माणसालाही हसू आवरेना, पण रस्ता अडवायला आलेल्याने हसून कसं चालेल? त्याने चेहरा कडक केला. "कुणाचे?"

"आईचे. आज सकाळी गेली ती. तिला बसवायचेत."

तो माणूस ओशाळला. "माझ्या हातात असतं तर सोडलं असतं हो बाई. वरून निरोप येईपर्यंत कुणालाच सोडायचं नाही म्हणालेत. खाली उतरून सावलीत तरी बसा."

रास्ता रोकोमुळे बस निघाल्यापासून हेच चाललं होतं. पहिला अडथळा ड्रायव्हरने शेतातल्या कच्च्या वाटेने चुकवला, दुसऱ्या ठिकाणी हातापाया पडून सुटका करून घेतली. इथे मात्र गाडं अडलं ते अडलंच.

बाई झाडाखाली दगडावर बसल्या. जन्मभर त्यांनी परक्यांची बोळकी भरली होती. कितीतरी माणसं लग्नाच्या फोटोंत त्यांच्या जिवावर हसत होती. आणि दुरुस्तीला पाठवलेल्या आईच्या कवळीला नुसती चीर गेली होती, एका दुपारीत सांधून झाली असती. पण बाईंमधल्या कारागिराला ते बघवेना. जुने दात भलतेच पांढरे, आईच्या चेहऱ्याला न शोभणारे. तिला न सांगताच त्यांनी नवी कवळी करायला घेतली. आई रोज फोनवर विचारायची, "झाली का गं?" आणि बाई म्हणायच्या, "होतेय, जरा दम धर."

दातांशिवाय आई कुणासमोर येत नसे, नवऱ्यासमोरही कधी आली नव्हती. शेवटचे दिवस तिने दार लावून एकटीने काढले. ते आठवून बाईंना स्वतःचा संताप आला.

धाकट्या बहिणीचा फोन आला. "कुठवर आलीस, ताई?"

"अडकलेय गं. जबडा ताठरला की दात बसायचे नाहीत."

"माणसं जमलीत. मी आतून कडी लावलीय. सगळे म्हणतात, तोंड तरी बघू दे."

"नको. कुणाला बघू देऊ नकोस."

"किती वेळ थोपवू मी?"



ऊन चढलं. प्रवाशांनी डबे उघडले, पत्त्यांचा डाव मांडला, एकमेकांचे पाहुणेरावळे काढून झाले. बाईंशी काय बोलावं हे न कळून सगळे त्यांच्यापासून चार हात लांबच राहिले. त्यांना फार एकटं वाटलं. कुणी येऊन पुन्हा दातांवरून हसलं असतं तरी चाललं असतं.

उन्हं कलल्यावर पुन्हा फोन वाजला. "नेलं, ताई."

"आणि तोंड?"

"मी एकटीनेच आवरलं तिचं. नाकापर्यंत शाल लपेटली. कुणी म्हणजे कुणी पाहिलं नाही. आता तू घाई करू नकोस."

"बरं."

तेवढ्यात पलीकडे गलका झाला. चार-सहा जण ओंडका बाजूला सारत होते. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न वाजवायला सुरुवात केली, पत्ते तसेच टाकून माणसं बसकडे पळाली. बाई उठल्या. पायांना मुंग्या आल्या होत्या.

"ओ बाई, पाय उचला!" ड्रायव्हर ओरडला. "पोचायचं नाही का तुम्हाला?"

"पोचायचं होतं," बाई म्हणाल्या आणि दांडी धरून सावकाश वर चढल्या.