इंद्रजीतचा पाय

हर्सूलच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पत्र्यांवर चढून बसले होते. चितेगावच्या कारखान्यात उंचावरून पडल्यापासून पारूबाईच्या इंद्रजीतचे कमरेखालचे अंग लुळे पडले होते, आणि निरंजनबाबा आज पुन्हा त्याचा पाय नाचवणार होते.

बाबांनी डोळे मिटले आणि इंद्रजीतच्या पायाचा तळवा झटक्यात वर दाबून धरला. पाय थडथड उडू लागला.

"आली! शक्ती आली!" बाबा गरजले. "पण मी सोडून कुणी कमरेखाली हात लावला, की पळालीच समजा!"

शक्ती मोठी लाजाळू होती. पारूबाईने मात्र गेल्या खेपेपासून ही आज्ञा जिवापाड पाळली होती. पोराची कूससुद्धा बदलली नव्हती.

तेवढ्यात दवाखान्यात व्यायाम शिकवणारी तहरीम गर्दीतून वाट काढत आत आली. इंद्रजीत तपासणीला का येत नाही, ते बघायला. आत येताच तिला वास आला. तिने चादर उचलली. माकडहाडावर मोठी जखम चिघळली होती.

"मावशी, कूस बदलत नाही?"

"हात लावायचा नाय म्हनले बाबा."

"आता तुम्ही धरा पाय. तळवा वर दाबा."

"नगं गं बाई, शक्ती पळंल!"

"पळाली तर मी आणून देते."

पारूबाईने तळवा दाबला. पाय तस्साच उडाला.

"माझीच शक्ती म्हातारीत उतरली!" बाबांनी ठोकून दिले.

तहरीमने इंद्रजीतचे डोळे ओढणीने झाकले. "भाऊ, पाय उडतोय की थांबलाय?"

"थांबलाय," इंद्रजीत म्हणाला.

आईच्या हातात पाय उडतच होता.

"कण्यातली मुख्य नस तुटलीय," तहरीम हळूच म्हणाली. "पोटरी ताणली की निरोप कण्याच्या खालच्या भागात जातो आणि तिथूनच परत येतो. मेंदूला पत्ताच नाही. कुणीही दाबलं तरी हेच होणार."

गर्दीतून बाबा चपला शोधत सटकले.

"मंग ह्यो चालनार नाय?"

"ते मी सांगू शकत नाही, मावशी. पण ही जखम भरू शकते. आजच दवाखान्यात नेऊ. आणि ह्यापुढे कुणी 'हात लावू नका' म्हणालं, तर आधी हात लावून बघा."

दोघींनी मिळून इंद्रजीतला कुशीवर वळवले. पाय पुन्हा उडाला. पारूबाईने तो पोटाशी धरला आणि थांबेपर्यंत सोडला नाही.