उजेड पायाशी

मी एक जुनी विजेरी आहे. पितळी अंगाची, दोन सेलची, काचेला बारीक चीर गेलेली.

मित्रांनो, थिएटरात सगळे पडद्याकडे पाहतात. मी मात्र पडद्याकडे पाठ करूनच आयुष्य काढलं. माझे धनी तिथे डोअरकीपर होते. त्यांचा एकच नियम होता, "उजेड पायाशी. तोंडावर नाही." अंधारात कोणी रडत असेल, कोणी नुसतंच बसलं असेल, आपण फक्त खुर्ची दाखवावी.

शाळा सुटली की त्यांची मुलगी दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसे. एक सिनेमा अकरा आठवडे चालला. त्यात नायक पुलावर नायिकेची वाट अडवी. ती "सोडा मला" म्हणे, आणि कॅमेरा तिच्या घोट्यांपासून सावकाश वर चढे. प्रेक्षकांत शिट्ट्या पडत, हशा पिके. मुलगी स्वतःच्या बुटांकडे पाहत राही.

"बाबा, ती नको म्हणतेय ना? मग हे हसतायत कशाला?"

"जा, पाणी पिऊन ये."

रोज तोच प्रश्न, रोज तेच पाणी. आठव्या आठवड्यात ती म्हणाली, "मला तहान नाहीये."

त्याच वेळी सातव्या रांगेत एका एकट्या बाईंच्या खांद्यावर शेजारच्या माणसाचा हात आला. त्या आक्रसल्या. हात हलेना. धनी तीन ढांगांत तिथे पोचले आणि जन्मात पहिल्यांदा माझा उजेड कोणाच्या तोंडावर पडला.

"अरे, डोळे दिपले माझे!"

"दिपू देत. उठा."

मॅनेजर भडकले. "गिऱ्हाइकाच्या तोंडावर बॅटरी मारतोस?"

"त्या बाईही तिकीट काढूनच आल्यात, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून धन्यांना सायकल स्टँडवर धाडलं. मला त्यांनी घरी आणलं. मुलीने फ्रॉकच्या टोकाने माझी काच पुसली. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

मग खण. वर्षांमागून वर्षं. सेल पाझरले, आतून मी हिरवी पडले. कोणी हाक मारेना.

यंदा धनी गेले. परवा त्यांच्या मुलीनेच खण उघडला. तिचेही केस पिकलेत. टाचणीने गंज खरवडून तिने नवे सेल घातले. मी पेटले! भिंतीवरच्या धन्यांच्या फोटोकडे तिने मला उचललं. उजेड त्यांच्या हनुवटीपर्यंत गेला आणि थांबला. मग तिने तो चौकटीच्या खालच्या कडेवर आणला. बराच वेळ तसाच धरला.

मित्रांनो, आम्हाला ठेवून देताना सेल तेवढे काढून ठेवा. आणि हातात घ्याल तेव्हा उजेड पायाशीच धरा. ज्याला चेहरा दाखवायचा असेल, तो स्वतःहून उजेडात येईल.