पत्र्यावरचे मेदूवडे

पाहुण्यांपुढं पोह्यांऐवजी मेदूवडे ठेवले, तर माणिकरावांचे दोन फायदे होते. लेकीचं, राजेश्रीचं, लग्न जमलं असतं आणि त्यांना स्वतःला चारचौघांत राजरोस वडे खाता आले असते. यातला कोणता आधी सुचला, ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, डाळ खा, तळलेलं सोडा. पहिलं अर्धं माणिकरावांनी पाठ केलं, दुसरं त्यांच्या बायकोनं, कडूबाईंनी. तेव्हापासून घरात कढई चढली नव्हती.

"उडदाचे वडे?" कडूबाई म्हणाल्या. "पाव्हणे यायलेत का पितरं?"

"ते येगळे. हे हॉटेलातले. निव्वळ डाळ हाय, ताकद येती. पोह्यात काय हाय? हवा."

राजेश्री हे वडे परभणीत शिकताना शिकली होती. मुलगा तिला फोटोतच आवडलेला, त्यामुळं डाळ तिनं जीव लावून फेसली. वरून कुरकुरीत, आत कापूस. वासानं ताडकळसातली त्यांची सगळी गल्ली दारात रेंगाळली.

मुलगा आदिनाथ, नोकरी हैदराबादेत. त्याला आत्यानं, सुलाबाईंनी, वाढवलेलं. होकार-नकार तिच्या हाती, म्हणून तीच त्याला घेऊन आलेली. बशी येताच आदिनाथनं दोन संपवले. माणिकराव मात्र आपली बशी धरून ताटकळले. आत्याबाईंनी घास घेतल्याशिवाय यजमानानं कसा घ्यावा?

सुलाबाईंनी वडा उचलला, भोकातून माणिकरावांकडं पाहिलं आणि खाली ठेवला.

"आमच्यात हे पितराच्या पानावर वाढतेत. तुमी पोरगी दाखवायलाव का आमचं श्राद्ध घालायलाव?"

राजेश्री चटणीचं भांडं घेऊन दारातच थिजली. माणिकरावांनी प्रथिनांबद्दल बोलायला तोंड उघडलं. कडूबाईंनी नुसतं पाहिलं, ते मिटलं.

"आत्या, मी तिकडं रोज सकाळी हेच खातो," आदिनाथ तिसरा मोडत म्हणाला. "रोज पितर होतो काय?"

"तू गिळ गुमान!" सुलाबाईंनी राजेश्रीला न्याहाळलं. "पोरीच्या हाताला चव हाय, ते दिसायलंय. पण पितराचं वाढलंयच, तर त्येंला दिल्याबिगर पुढची बोलणी न्हाईत. कर्त्यानं आपल्या बशीतलं द्यायचं. आन् लगीन होईस्तोवर त्यानं उडदाला शिवायचं न्हाई."

"आत्याबाई, लय शहाण्या तुमी," कडूबाई म्हणाल्या आणि स्वतः शिडी लावून दिली.

माणिकराव बशीसकट पत्र्यावर चढले. कावळ्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

खाली सुपारी फुटली. आदिनाथला पोटभर वडे आणि बायको मिळाली, राजेश्रीला फोटोतला मुलगा. सुलाबाईंचा मान राहिला, कडूबाईंना पथ्यासाठी आयती पहारेकरीण सापडली, आणि डॉक्टरांनी सांगितलेली डाळ कावळ्यांना लागू पडली. भुर्दंड एकट्या माणिकरावांना, तोही वडे गरम असताना.