गळ्यातली पाटी

"हे कोण?" बाईंनी पुठ्ठ्याची पाटी दोरीसकट वर धरली.

"ग्रँडफादर!" अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला.

बाईंची इंग्रजी शिकवायची रीत निराळी होती. नात्याचा शब्द फळ्यावर लिहायचा नाही, माणसाच्या गळ्यात घालायचा. ज्याच्या गळ्यात फादरची पाटी तो त्या दिवसापुरता बाप. त्यानं खुर्चीत बसून उगाच खाकरायचं. मदर झालेली मुलगी सगळ्यांवर ओरडायची. ते तिला शिकवावं लागत नसे. आणि पालकसभेच्या दिवशी मुलांनी त्याच पाट्या खऱ्या आईबापांच्या गळ्यात घालून "धिस इज माय मदर" म्हणायचं. पालक हसायचे, फोटो काढायचे, बाईंचं नाव व्हायचं.

यंदा बाईंनी एक पाटी जास्तीची केली होती. 'आंट'. ती फक्त भिंगरीसाठी होती.

भिंगरी म्हणजे वर्गातली सगळ्यात चळवळी पोर आणि बाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. हजेरीतलं आडनाव वाचून बाई चमकल्या आणि मान वर करून पाहतात तो समोर आपल्याच आईची हनुवटी. भावाला मात्र याचा पत्ता नव्हता. बाईंनी मनाजोगतं लग्न केलं तेव्हापासून त्यानं बहिणीचं नावच टाकलं होतं. ते एक वेळ बाईंनी गिळलं असतं. पण आई गेली तेव्हाही त्यानं कळवलं नाही. गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. बाई धावत गेल्या, तर दादा दारात आडवा उभा राहिला. "आता कशाला आलीस?" म्हणाला. त्या उंबऱ्यावर बाईंनी दोन गोष्टी ठरवल्या: याच्याशी जन्मात बोलायचं नाही, आणि याला सोडायचं नाही.

मधल्या सुट्टीत त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं.

"मी तुझ्या बाबांची बहीण. म्हणजे तुझी कोण?"

"आत्या," भिंगरी म्हणाली. मग जरा विचार करून, "मग घरी का नाही येत?"

"ते बाबांना सगळ्यांसमोर विचारू. तोवर कुणाला सांगायचं नाही. गंमत आहे."

पोरीला असं गुपित पोटात ठेवायला लावणं चांगलं नव्हे, हे बाईंना कळत होतं. पण डूख धरलेल्या माणसाला कळतं तितकं वळत नाही.

सभेच्या दिवशी दादा ऐटीत आला आणि बाईंना पाहून दारातच थबकला. मागे फिरायची सोय नव्हती. वहिनीनं पहिल्या रांगेतली जागा धरून त्याला हाक मारली होती. त्याचं लग्न आई गेल्यानंतरचं, त्यामुळे वहिनीनं नणंदेला कधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी तिला हसून नमस्कार केला.

भिंगरीनं एक पाटी बापाला घातली, एक आईला. मग तिसरी घेऊन ती तुरुतुरु बाईंकडे आली. बाई खाली वाकल्या.

"धिस इज माय आंट."

"अगं, बाई आहेत त्या," वहिनी हसत म्हणाली.

"बाबांची बहीण आहे. माझी आत्या."

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहराच सगळं सांगत होता. "तुमची बहीण?" ती हळूच म्हणाली, पण हॉल इतका गप्प झाला होता की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं. "निरोप धाडूनही आईंच्या शेवटाला आली नाही, ती?"

"निरोप आलाच नाही, वहिनी," बाई म्हणाल्या. "आई गेल्याचं मला शिंपीणबाईंनी सांगितलं. आणि मी आले तेव्हा यांनी मला आत घेतलं नाही. विचारा त्यांना."

"घरी बोलू," दादा पुटपुटला आणि तरातरा निघाला. फादरची पाटी गळ्यात तशीच. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई त्या दिवशी दोन घास जास्तच जेवल्या. खोटं कशाला बोला, इतकी गाढ झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची जागा रिकामी राहिली. बाईंनी याचा विचारच केला नव्हता. पुढच्या आठवड्यात वहिनी दाखला न्यायला आली. डोळे सुजलेले.

"दुसऱ्या शाळेत घालतायत," ती म्हणाली. "ताई, तुम्हाला दोष देत नाही मी. माझ्याशीही खोटंच बोलले ते. पण तेवढ्या पोरीनं त्या दिवसापासून बापाशी अबोला धरलाय. हाक मारली की तोंड फिरवते. काल ताप होता, तरी त्यांच्या हातून औषध घेतलं नाही. रात्रभर उशाशी बसून होते."

दादा रात्रभर बसून होता, हे ऐकून बाईंना आधी बरंच वाटलं.

"तुमच्यावर गेलीये," वहिनी म्हणाली. "गाडीत बसलीय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

बाई फाटकाशी आल्या. पुढच्या सीटवर दादा, काच बंद, नजर समोर. दाढी वाढलेली, चांगलाच खंगलेला दिसत होता. मागच्या खिडकीतून भिंगरीनं डोकं बाहेर काढलं. तापानं तोंड एवढंसं झालेलं.

"आत्या, मी बाबांशी बोलत नाही," ती म्हणाली. "एकदापण नाही बोलले."

आणि बरोबर उत्तर दिल्यावर बघायची, तशी ती बाईंकडे बघत राहिली. शाबासकीसाठी.

पोरीला काय सांगणार? बोल म्हणून? कोणत्या तोंडानं?

त्या पुढच्या खिडकीशी गेल्या. काचेवर टकटक केलं. दादानं मान वळवली नाही. बाईंनी पुन्हा टकटक केलं, आणि मागे नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"दादा, काच खाली घे."